‘गमत नाही’ म्हणणाऱ्याजवळ कोण बसणार?

– एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष

पुण्या-मुंबईकडचे लोक ‘करमत नाही’ म्हणतात; आपल्या वऱ्हाडात त्यालाच ‘गमत नाही’ म्हणतात. शब्द लहानसा आहे, पण मोठा प्रामाणिक आहे. ‘डोके दुखते’ म्हटले की दुखण्याला जागा मिळते. ‘ताप आहे’ म्हटले की त्याचे अंश मोजता येतात. ‘गमत नाही’ याला ना जागा, ना माप. काहीतरी बिघडले आहे एवढेच तो शब्द सांगतो. काय बिघडले आहे हे कळल्याचा आव आणीत नाही. आणि हा शब्द एकटा नाही. कसंतरी होते, जीव घाबरते, मन लागत नाही, हातपाय गळून गेले, कशातच जीव नाही, असे त्याचे मोठे गणगोत आपल्या बोलीत नांदते आहे. ज्या भाषेने इतके शब्द घडविले, त्या भाषेच्या माणसांना हा अनुभव नवा नसणार हे उघड आहे. मग कुणी हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाची एवढी तारांबळ का उडावी?

कारण आपल्याजवळ एकच प्रश्न तयार असतो : ‘काय झालं?’

प्रश्न वरवर पाहता मायेचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक अट दडलेली असते. आधी कारण दाखव, मग सहानुभूती मिळेल, अशी ती अट आहे. रेशन दुकानात कार्ड दाखविल्याशिवाय धान्य मिळत नाही, तसेच हे. नापास झालास? घरी भांडण झाले? कुणी काही बोलले? पैशाची अडचण आहे? यांपैकी एखादे कारण हाती असेल तर ठीक. पाठीवर हात पडतो, चहा येतो, दोन माणसे जवळ बसतात. पण ज्याच्याजवळ कारणच नाही त्याने काय करावे? तो ‘काही नाही’ म्हणतो, आणि समोरचाही सुटकेचा नि:श्वास टाकून आपल्या कामाला लागतो. ‘काही नाही’ हे आपल्या घराघरांतून दररोज बोलले जाणारे सर्वांत मोठे असत्य असावे, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मायेसाठी कारणाचा दाखला मागू नये. दुखणे शरीराचे की मनाचे, खरे की कल्पिलेले, याचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. तोपर्यंत माणसाला एकटे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आठवत असेल. त्या नाटकाचा पडदाच मुळी एका उदास माणसावर उघडतो. अँटोनिओ आपल्या मित्रांना सांगतो की, मी खिन्न आहे, पण का ते मला ठाऊक नाही. सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वीचे हे ‘गमत नाही’च नव्हे काय? आता मित्र काय करतात ते पाहा. एकजण म्हणतो, तुझी जहाजे समुद्रावर आहेत, त्यांचीच तुला काळजी असणार. अँटोनिओ नाही म्हणतो. मग तू प्रेमात पडला असशील. तेही नाही. तिसरा येतो तो उपदेशच करू लागतो की, असे गंभीर तोंड करून बसणारे लोक शहाणे म्हणवून घेण्यासाठी तसे बसतात. आणि शेवटी ज्याच्यावर अँटोनिओचा जीव तो बॅसॅनिओ येतो, तो उसने पैसे मागायला! एवढ्या मित्रांच्या गराड्यात त्याच्या खिन्नतेजवळ क्षणभर कुणी बसले नाही. पुढे शायलॉक येतो, खटला उभा राहतो, आणि आपणही त्या बिचाऱ्याचे पहिले वाक्य विसरून जातो. परीक्षेतही त्यावर प्रश्न येत नाही. अर्जुनाला निदान आपल्या विषादाचे कारण तरी सांगता येत होते.

दाखल्यासाठी व्हेनिसला जाण्याची खरे तर गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली शेगाव तालुक्यात, डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत जे घडले ते साऱ्या देशाने वाचले. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, कुणाला डोकेदुखी, कुणाला ताप, कुणाला उलट्या. आणि नंतर दोनचार दिवसांत केस मुठीत येऊन टक्कल. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला. त्यांत म्हातारे होते, लहान मुले होती, आणि आपल्यासारखी महाविद्यालयात शिकणारी मुले-मुलीही होती.

आता त्या गावातल्या एखाद्या मुलीच्या जागी स्वत:ला ठेवून पाहा. सकाळी वेणी घालायला बसावे आणि केसांचा झुपका फणीबरोबर हाती यावा. का? कुणालाच ठाऊक नाही. प्रथम पाण्यावर संशय गेला. त्या भागाचे पाणी आधीच खारे. तपासणीत नायट्रेटचे प्रमाणही अधिक आढळले. मग बुरशीचा संसर्ग असावा असे बोलले गेले. कुणी शाम्पूला दोष दिला. आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांचे पथक आले. रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, मातीचे नमुने नेले. पुढे रक्तात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे सांगण्यात आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ख्याती पावलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र अभ्यास करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. त्यावर वाद-प्रतिवादही झाले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

हे सर्व शास्त्रज्ञांचे काम. ते त्यांनी केले. पण नमुना नेला त्या दिवसापासून अहवाल आला त्या दिवसापर्यंत त्या मुलीने काय करायचे होते? वर्तमानपत्रांत जे आले ते असे : लाजेने कित्येकांनी डोक्याचे मुंडन करून टाकले, मुलींचे शिक्षण खोळंबले, ठरलेली लग्ने मोडली. म्हणजे केस गेले ते एका द्रव्यामुळे. पण लग्न मोडले ते कोणत्या द्रव्यामुळे? बहुतेकांचे केस काही आठवड्यांनी पुन्हा उगवू लागले. मोडलेले लग्न तसे आपोआप उगवत नाही.

मला या प्रकरणाचे दुसरे एक अंग अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, त्या मुलीचे केस गळले नसते; नुसतीच डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि बेचैनी एवढेच झाले असते, तर तिला काय ऐकावे लागले असते? ‘मनावर घेऊ नको.’ ‘कॉलेजला न जाण्याची सोंगे आहेत.’ ‘मोबाईल कमी कर.’ पण ते तर मनाचे नव्हतेच. शरीरात गेलेल्या विषाचे होते! केस गळले म्हणून जगाचा विश्वास बसला. ज्यांचे काहीच दिसण्यासारखे गळत नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवायला आपण कधी शिकणार? आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे. ज्याचे सर्व अहवाल चांगले आले, ज्याच्या रक्तात काही सापडले नाही, त्याचे दुखणे खोटे ठरते काय? ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी आनंदाचे असते; पण रोग्याच्या कानाला ते कित्येकदा ‘आता तुला तक्रार करण्याचा हक्क उरला नाही’ असे ऐकू येते.

आपल्या समाजाने या अडचणीतून एक मजेदार वाट काढलेली आहे. ती म्हणजे सलाईनची बाटली. कोणत्याही तालुक्याच्या गावी दुपारी खासगी दवाखान्यात डोकावून पाहावे. ओळीने खाटा, ओळीने बाटल्या. विचारले तर उत्तर एकच : ‘कमजोरी आली होती.’ डॉक्टर मंडळी सांगतात की, तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला त्या बाटलीतून मिठा-साखरेच्या पाण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. मान्य. पण मला वाटते, खरे औषध बाटलीत नसून बाटलीभोवती असते. सलाईन लागली की तास-दीड तास ती बाई आडवी पडू शकते. एरवी दिवसाढवळ्या आडवे पडण्याची तिला घरात परवानगी नसते. नवरा शेजारी स्टुलावर बसतो; एरवी तो बसत नाही. जाऊ नारळपाणी घेऊन येते, भाऊ गावाहून फोन करतो. कुणी ‘काय झालं?’ विचारीत नाही, कारण वर टांगलेली बाटली सर्वांच्या वतीने उत्तर देत असते. तीनशे-चारशे रुपये मोजून ती बाई औषध विकत घेत नाही. आपल्याजवळ कुणीतरी बसावे याचा परवाना विकत घेते. यात हसण्यासारखे काही असेल तर ते तिच्यावर नव्हे, आपल्यावर हसावे.

सैलानीचेही मला थोडेसे असेच वाटते. हा विषय नाजूक आहे याची जाणीव ठेवूनच लिहीत आहे. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा आपल्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि दूरदूरच्या प्रांतांतून सर्व धर्मांचे लोक येतात. वर्षभरही माणसे येतच असतात. त्यांत मनाने थकलेली, भ्रमिष्ट झालेली, ‘बाहेरचं झालं’ म्हणून आणलेली कितीतरी असतात. शिकलेल्या माणसाने ‘अंधश्रद्धा’ हा एक शब्द उच्चारून मोकळे व्हावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ‘बाहेरचं झालं’ या निदानावर माझाही विश्वास नाही. पण त्या आवारात बसलेल्या मायलेकीकडे पाहिले की मनात येते, हिच्या गावात हिला दुसरे काय उपलब्ध होते? येथे निदान कुणी तिला ‘नाटके करतेस’ म्हणत नाही. येथे तिच्यासारखी आणखी माणसे आहेत. तिची आई घरकाम, शेत सोडून तिच्याजवळ बसली आहे. ही सोबत तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्यांबरोबर मिळाली असती काय?

अर्थात नुसत्या सोबतीवर भागत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेली २८ माणसे पळताही न येता जळून गेली. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट बंदी आहे. माया आणि औषध यांची ताटातूट झाली की काय होते, हे एरवाडीने दाखविले. आणि त्या दोहोंना एकत्र नांदविता येते, हे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात दिसले. तेथे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनाच मनोविकारांची ओळख करून देण्यात आली आणि आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. ‘दवा आणि दुवा’ असे त्या उपक्रमाचे सुंदर नाव आहे. कुणाची श्रद्धा काढून घेतली नाही, कुणाचे औषध अडविले नाही. आपल्याकडे असे का होऊ नये, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा आहे.

येथे काही वडीलधारी मंडळी म्हणतील (आणि आमच्या काही गुरुजनांनी वर्गात बोलूनही दाखविले आहे) की, आजची पिढी फार नाजूक झाली. आमच्या काळी उदास व्हायला वेळच नव्हता. नम्रपणे सांगावेसे वाटते की, वेळ नव्हता हे खरे, पण उदासपण होते. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गात होत्या, त्या काय केवळ पीठ पडावे म्हणून? गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे. आणि सांगता न येणारे दु:खही भरपूर आहे. जात्याच्या दुसऱ्या बाजूला जी बसे ती ‘काय झालं?’ विचारीत नसे. ती खुंट्याला हात लावी आणि पुढची ओळ उचली. मग गावात पिठाची चक्की आली. कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण जात्याबरोबर ती समोर बसणारी बाईही गेली, आणि तिच्या जागी कुणाला बसवायचे याचा विचार आपण केला नाही.

आमच्या वसतिगृहात घडलेली एक साधी गोष्ट सांगते. प्रथम वर्षाची एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आली ती गप्पच. तासाला जाईना, जेवेना. आम्ही मैत्रिणींनी विचारून विचारून तिला भंडावून सोडले, उपायही पुष्कळ सुचविले : ध्यान कर, सकाळी फिरायला जा, गजाननबाबाची पोथी वाच. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मात्र तिला एक दिवस हाक मारली, ‘ये व माय, बस इथं. तेवढ्या तुरीच्या शेंगा सोल.’ ती बसली. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसली. आठवडाभर हेच चालले. मावशी आपल्या शेतीचे, सोयाबीनच्या भावाचे, सुनेचे काहीबाही बोलत, ती ऐके. एके दिवशी ती आपण होऊनच म्हणाली, ‘मावशी, मले काय होते ते मलेच समजत नाही.’ मावशी म्हणाल्या, ‘नसू दे समजत. उद्या दवाखान्यात जाऊ.’ सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात! गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात तिच्या अंगात बळ आले. सगळे दुखणे त्या रक्ताचेच होते असेही नाही. काही भाग आजही तिचा तिला उमगलेला नाही. पण ती आता तासाला येते, आणि संध्याकाळी मेसमध्ये शेंगा सोलते.

या गोष्टीत मला दोन्ही बाजू दिसतात. मावशींनी आधी जवळ बसविले आणि मग तपासायला नेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा ‘गमत नाही’ म्हणणाऱ्या मुलीचे रक्त, थायरॉईड, बी-१२ तपासण्याआधीच तिला मनाच्या खात्यात टाकून देणे जसे चूक, तसेच तपासणीत काही निघाले नाही म्हणून तिला वाऱ्यावर सोडणेही चूक.

मावशींनी जे केले ते शिकविता येते काय? येते, आणि हे केवळ माझे मत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी विदर्भ गाजत होता, त्या काळातली ही गोष्ट. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविले गेले. त्यांनी लोकांशी बोलावे, ऐकावे, आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे वा डॉक्टरांकडे पोचवावे, अशी योजना होती. आरंभी उदासविकार असलेल्यांपैकी शेकडा ४.३ लोक मदत घेत होते. १८ महिन्यांनी ते प्रमाण शेकडा २७.२ झाले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात हे आकडे प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या आदिवासी गावांत ‘आत्मीयता’ या नावाने असाच उपक्रम पुण्याच्या संस्थेने चालविला. गावातल्या ज्या व्यक्तीकडे लोक तसेही आपले मन मोकळे करीत, अशीच माणसे त्यांनी हेरली आणि त्यांना थोडे शिक्षण दिले. नावही किती नेमके!

आणि आफ्रिकेतील झिंबाब्वे देशातील आज्यांची गोष्ट तर आपल्या प्रत्येक गावात सांगावी अशी आहे. डॉ. डिक्सन चिबांडा हे तेथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणीने आत्महत्या केली. दवाखान्यापर्यंत येण्याला बसभाडे नव्हते, म्हणून ती वेळेवर पोचू शकली नव्हती. एस. टी. च्या भाड्यासाठी दवाखाना पुढे ढकलणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे समजावून सांगायला नको. २००६ साली त्यांनी हरारे शहरात १४ आज्यांना हाताशी धरले. आरोग्य केंद्राच्या अंगणात झाडाखाली लाकडी बाक टाकायचा, आजीने त्यावर बसायचे, आणि येणाऱ्याचे ऐकायचे. ‘डिप्रेशन’ हा शब्द त्या आज्या वापरीत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ, फार विचार करणे. आपल्याकडची म्हातारी म्हणते ना, ‘पोरगी लय इचार करते व’, तेच अगदी! २०१६ साली या उपक्रमाची रीतसर शास्त्रीय परीक्षा झाली, आणि बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या मानाने बराच उतरल्याचे सिद्ध झाले. म्हाताऱ्या आपल्याकडेही पुष्कळ आहेत, पारही आहेत. पारावर बसलेल्या आजीला फक्त कुणी विचारलेले नाही.

आता आपल्यापुरते बोलू. ज्याला गमत नाही त्यानेही एक धीर केला पाहिजे; तो म्हणजे कारण न जुळविता बोलण्याचा. आपण कारण सापडेपर्यंत थांबतो, किंवा खोटे कारण तयार करतो. डोके दुखते म्हणतो, पोट दुखते म्हणतो. त्याऐवजी सरळ म्हणावे, ‘मला बरे वाटत नाही, का ते मला कळत नाही, उपाय सांगू नको, थोडा वेळ बस.’ एवढे वाक्य बोलायला जीभ किती जड होते हे ज्याने प्रयत्न केला त्यालाच ठाऊक. मुलांना तर ते अधिकच जड जाते. अभ्यासिकेत सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसणारी, पोलीस भरती आणि एम.पी.एस.सी.च्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नातली आपली भावंडे पाहा. चहाच्या टपरीवर ती जगातल्या सर्व विषयांवर बोलतात, या एका विषयावाचून. आणि ऐकणाऱ्याने? त्याने ऐकावे, अँटोनिओच्या मित्रांसारखी जहाजे मोजू नयेत. मात्र समोरचा जगण्याचाच कंटाळा आला असे बोलू लागला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नये. त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी घरच्यांना वा एखाद्या प्राध्यापकांना सांगावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, विनामूल्य, आणि मराठीत. तेथे बोलायलाही निदान हातात असावे लागत नाही.

राहता राहिले महाविद्यालय. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात देशातील सर्व शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये शंभरात नव्हे, हजारात मोजण्यासारखी आहेत. ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते. तपासणी समिती यायची असली म्हणजे ती पुसलीही जाते. कक्षाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई परीक्षा विभागात, आणि समितीचे प्रमुख असलेल्या सरांचे स्वत:चे आठवड्याला सोळा-अठरा तास. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या सरांच्या हातात आपले अंतर्गत गुण आहेत त्यांच्यापुढे कोणता विद्यार्थी मन मोकळे करील, हाही प्रश्न आहेच. म्हणून माणूस बाहेरचा हवा. आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालेल, पण ठरल्या वेळी यावा.

आणि खोलीची जागा. ती कार्यालयाच्या शेजारी नसावी. प्रवेश-शुल्काच्या रांगेतली पन्नास मुले ज्या दाराकडे पाहत उभी असतात, त्या दारातून आत जायला कुणी धजणार नाही. आपल्या ग्रंथालयाच्या मागे, सायकल स्टँडकडे उघडणारी एक खोली जुनी बाके ठेवण्यासाठी वापरली जाते. बाके तेथे आहेतच. त्यांतली दोन ठेवून बाकीची काढली की काम भागण्यासारखे आहे. विद्यार्थी परिषदेने या सत्रात प्राचार्यांकडे तेवढा अर्ज द्यावा.